तेरावा भिडू आणि पाचवा तंबू

एकटा माणूस डोंगरात निघाला की सामानाचा हिशेब सरळ असतो. विसरलेली वस्तू त्याची आणि जास्तीचं ओझंही त्याच्याच खांद्यावर. बाराजण निघाले की हा हिशेब बिघडतो, कारण प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने घेतलं असेलच. रात्री गडावर सॅका उघडल्या की फरसाणाची आठ पाकिटं निघतात, बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग होतो आणि काडेपेटी एकाच्याही सॅकमध्ये नसते. गटात कोणी सिगारेट ओढणारा असला तर त्या रात्री त्याला भलताच मान मिळतो.

कॅम्पिंगच्या सामानाच्या तयार याद्या भरपूर मिळतात आणि त्या बहुतेक बरोबरच असतात. तरी गट फसतात, कारण यादीत वस्तू असते पण तिच्यापुढे माणसाचं नाव नसतं. या प्रकरणात आपण एकच उदाहरण धरून चालू: बाराजणांचा गट, डिसेंबरातली एक रात्र, हरिश्चंद्रगड. हा गड निवडायला कारणं आहेत. त्याची उंची १,४२४ मीटर, म्हणजे थंडी आणि वारा दोन्ही खरे. वर पाण्याची टाकी आहेत, गुहा आहेत, कोकणकड्यासारखी तंबू ठोकायचा मोह पाडणारी आणि म्हणूनच सांभाळायची जागा आहे. पाचनईची सोपी वाट आहे, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी लांब वाट आहे आणि नळीची वाटही आहे, जिचा नवख्यांनी विचारच करू नये. तुम्ही राजमाचीला जात असाल किंवा रतनगडाला, आकडे थोडे बदलतील, रीत तीच राहील.

सुरुवात माणसांच्या आकड्यापासून. गटाच्या सामानात तीन जाती असतात. पहिल्या जातीच्या वस्तू डोक्यांबरोबर वाढतात: पाणी, तांदूळ, पोहे, अंथरूण. बारा माणसांना बारापट, तिथे चलाखी चालत नाही. दुसऱ्या जातीच्या वस्तू माणसं वाढली तरी तेवढ्याच राहतात: प्रथमोपचाराची पेटी, सुरी, मिठाची पुडी, नकाशा. चौघांना एक, बारांनाही एक. तिसरी जात फसवी. ती पायरीपायरीने वाढते. तंबू, शेगडी, पातेलं, गाडी या सगळ्या त्या जातीच्या. तिघांचे तंबू घेतले तर बाराजण चारांमध्ये मावतात. तेरावा आला की पाचवा तंबू घ्यावा लागतो, आणि तिघांचा तंबू साधारण साडेतीन किलोचा असतो. बारा आसनांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये त्याला जागा नसते, म्हणजे दुसरी गाडी. पातेलं आधीच काठोकाठ भरलेलं. एका माणसाची भर पडते आणि व्यवस्था मात्र पाच-सहाजणांची वाढते. उलट दोघं गळाले तर वर्गणी प्रत्येकी वाढते आणि तंबू तसेच वाहावे लागतात.

म्हणून ‘मी शुक्रवारी सांगतो’ म्हणणारा भिडू हा आयोजकाचा खरा शत्रू. त्यावर उपाय एकच: आठ दिवस आधीची एक तारीख ठरवायची, त्या तारखेपर्यंत ज्याची वर्गणी जमा झाली तो आला, बाकीचे पुढच्या खेपेला. मैत्रीत हे कोरडं वाटतं. पण आकडा ठरल्याशिवाय पुढचं एकही काम धड होत नाही, आणि ऐनवेळी नाही म्हणणाऱ्याचे पैसे परत करायचे की नाही, हे तो नाही म्हणण्याच्या आधी ठरवलेलं बरं.

आकड्यानंतर पाणी. चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून दिवसाला निदान चार लिटर धरा. बाराजणांचे झाले अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजेच अठ्ठेचाळीस किलो. तंबू आणि शिध्याबरोबर हे सगळं वर वाहून नेणं जमत नाही. त्यामुळे मुक्कामाची जागा खरं तर पाणी ठरवतं, आपण नाही. चढताना प्रत्येकाकडे तीन लिटर हवं आणि वर पोहोचल्यावर पाणी मिळेल याची खात्री हवी. ती खात्री जुन्या प्रवासवर्णनातून मिळत नाही. पायथ्याच्या गावात फोन करून विचारावं, ‘या दिवसांत वरच्या कुठल्या टाक्याचं पाणी पितात?’ नुसतं ‘पाणी आहे का’ विचारलं तर उत्तर ‘आहे की’ असंच येतं, कारण पाणी असतंच. ते पिण्याजोगं असतं की नाही हा वेगळा प्रश्न. टाक्याचं पाणी फडक्याने गाळलं की काडीकचरा निघतो, जंतू निघत नाहीत. ते खळखळून उकळावं किंवा क्लोरिनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबावं. बाराजणांचं पाणी उकळत बसायला गॅस पुरत नाही, त्यामुळे गटासाठी गोळ्याच सोयीच्या. आणि हे काम एकाच माणसाच्या नावावर असावं, नाहीतर त्याच पाण्यात दोघं गोळी टाकतात किंवा कोणीच टाकत नाही.

वेळेचा हिशेब उलटा मांडायचा, मुक्कामापासून पायथ्याकडे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि साडेसहाला अंधार होतो. तंबू लावणं, पाणी आणणं, स्वयंपाकाची मांडामांड याला दोन तास हवेत, म्हणजे चारला गडावर पोहोचायला हवं. खिरेश्वरची वाट सॅका घेतलेल्या गटाला पाच तास सहज घेते. त्यातच टोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा. तिथे रेलिंग आहे, भीतीचं फारसं काही नाही, पण माणसं एकेक करूनच चढतात. एकाला तीन मिनिटं धरली तरी बाराव्याचा पाय वर पडेपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा असतो हे सगळे जाणतात. अशा टप्प्यांवर तो त्याहूनही कमी होतो हे विसरतात. जेवणाचा तास धरून पायथा सकाळी दहाच्या आत सोडायला हवा. माळशेजच्या रस्त्याला खुबी फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्यांनी खिरेश्वरपर्यंतची पाचेक किलोमीटरची चाल यात मिळवावी. ज्यांना हे जमत नाही त्यांनी पाचनईची वाट धरावी, त्यात कमीपणा नाही.

आता शिधा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण गटाची भांडणं बहुतेक वेळा पोटातून सुरू होतात.

पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण घरचं असावं. आपल्याकडे प्रवासाच्या जेवणाचं शास्त्र फार जुनं आहे. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणच्याची फोड. हे सगळं भांडं न लागणारं, न सांडणारं आणि न विटणारं. वाटेत चघळायला गूळ-शेंगदाणे, खजूर, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, राजगिऱ्याची वडी. चिप्सची पाकिटं मोठी जागा खातात, पोट भरत नाहीत आणि रिकामी पिशवी तेवढी मागे उरते.

रात्रीची खिचडी. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम डाळ धरली तर बाराजणांना सव्वा किलो तांदूळ आणि सहाशे ग्रॅम डाळ. डाळ मुगाची घ्या. समुद्रसपाटीपासून जसजसं वर जावं तसतसं पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर तीनशे मीटरला एक अंश सेल्सिअस. हरिश्चंद्रगडावर ते पंच्याण्णवच्या आसपास उकळतं. घरीही कुकरशिवाय हट्टीपणा करणारी तुरीची डाळ तिथे गॅस संपेपर्यंत दाद देत नाही. मुगाची डाळ आणि तांदूळ निघण्यापूर्वीच एकत्र करून, त्यात हळद, तिखट, मीठ मिसळून एका पिशवीत भरून ठेवले की वर फक्त पातेल्यात ओतायचं काम उरतं. अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात मिठाची पुडी शोधणं हा काही आनंदाचा विषय नाही. सकाळचे पोहे माणशी ऐंशी ग्रॅम, म्हणजे किलोभर. कांदे घरीच सोलून न्यावेत. अंडी नेऊ नयेत. नेणारे नेतातच, आणि अर्धी फुटतात.

बाराजणांची खिचडी शिजून सात-आठ लिटर होते, म्हणजे दहा लिटरचं पातेलं हवं. गॅसच्या छोट्या डब्यावर फिरवून बसवायची जी शेगडी दुकानात मिळते, ती दोन कप चहासाठी बनवलेली असते. तिच्यावर दहा लिटरचं भरलेलं पातेलं ठेवलं की ते डुलतं आणि कलंडतं. त्याऐवजी पाच-पाच लिटरची, एकात एक बसणारी दोन पातेली आणि जमिनीवर रुंद बसणाऱ्या दोन शेगड्या घ्याव्यात. वाऱ्यात गॅस दुपटीने जळतो, म्हणून शेगडीला दगडांचा आडोसा करावा, पण डबा तापेल इतका जवळ नाही. तंबूच्या आत शेगडी कधीच पेटवायची नाही. कापड क्षणात पेटतं, आणि नाही पेटलं तरी बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

एक गोष्ट मात्र आधी ठरवायला हवी. रेल्वेत ज्वलनशील पदार्थ न्यायला कायद्याने बंदी आहे, आणि एसटीतही गॅसचा डबा नेऊ देत नाहीत. लोकल आणि एसटी करत जाणाऱ्या गटाने हा सगळा संसार मुळात न्यावाच का? हरिश्चंद्रगडावर आजूबाजूच्या गावातली मंडळी पिठलं-भाकरी करून देतात, तंबूही भाड्याने देतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने जेवण त्यांच्याकडेच सांगावं, दोन दिवस आधी फोन करून, आकडा नक्की सांगून. पातेली, शेगड्या, शिधा मिळून पंधरा-सोळा किलो ओझं कमी होतं आणि पैसा गावात राहतो. स्वतः शिजवण्यात मजा आहे हे खरं, पण पहिल्या खेपेला सगळीच मजा एकदम नको.

आगीबद्दल एवढंच. हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, आणि डिसेंबरात गवत वाळून कोळ झालेलं असतं. शेकोटी हे कॅम्पिंगचं जणू चित्रच होऊन बसलं आहे, तरी ती पेटवू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं किंवा जळती सोडणं हा गुन्हा आहे, आणि कड्यांना लटकलेली आग्या मोहोळं धुराने उठतात तेव्हा पळायला वाट मिळत नाही. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा जपून वापरा आणि रयतेला उपद्रव देऊ नका, अशी ताकीद आहेच. पण त्याबरोबर स्वयंपाकाचे विस्तव, तंबाखू ओढणं, रात्री जळते ठेवलेले दिवे यांचाही समाचार घेतला आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाईने. बाराजणांच्या छावणीलाही ती ताकीद जशीच्या तशी लागू आहे.

तंबूंविषयी दुकानदार एक गोष्ट सांगत नाही. ‘तिघांचा तंबू’ म्हणजे तीन माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील एवढी जागा. सॅका त्यात धरलेल्या नसतात. दुसरी गोष्ट आपल्या दगडाची. सह्याद्री बेसाल्टचा आहे. माळावर पायाखाली माती दिसते, पण चार बोटांवर कातळ लागतो. खुंटी ठोकली की टणकन आवाज येतो आणि ती वाकते. म्हणून खुंट्यांच्या भरवशावर न राहता वीसेक मीटर जास्तीची दोरी न्यावी आणि तंबूचे कोपरे मोठ्या दगडांना बांधावेत. कोकणकड्याच्या काठापासून लांब राहावं. तो कडा आत वळलेला आहे आणि खालून येणारा वारा त्याला आपटून वर उसळतो. टाकलेली हलकी वस्तू परत वर येते ती त्यामुळेच. दिवसा ही गंमत असते. रात्री त्याच वाऱ्यात तंबू असतो, आणि लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत असतो.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. महागडी स्लीपिंग बॅग नुसत्या ताडपत्रीवर अंथरून कुडकुडणारे भिडू नेहमी दिसतात. साध्या रगाखाली जाड कॅरीमॅट घालणारा मात्र निवांत घोरतो. मॅट नसली तर वर्तमानपत्रांचे जाड थरही चालतात. जमिनीपासून सावध राहायचं आणखी एक कारण: मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच बहुधा चावते. त्यामुळे तंबूची चेन लावलेली असावी, बूट सकाळी झटकून घालावेत. कपड्यांचं फार सांगत नाही. जीन्स नको, झोपायचा एक कोरडा जोड पिशवीत बांधलेला असावा, कानटोपी आणि मोजे असावेत. पावसाळ्यात सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी अस्तरासारखी घालावी. बाहेरचं रेनकव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ज्याचा हॉल मोठा त्याच्या घरी जमावं. जमिनीवर चादर पसरून सामायिक सामान तिच्यावर मांडावं. चार तंबू चौदा किलो, पातेली-शेगड्या-गॅस सात किलो, शिधा नऊ, ताडपत्री दोन, दोरी दोन, औषधं एक. बेरीज पस्तीस किलो, म्हणजे माणशी तीन किलोला थोडं कमी. वैयक्तिक सामान पाण्यासकट साडेसात किलोच्या आसपास बसवलं तर सॅक साडेदहा किलोची होते. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचं ओझं सामान्य माणसाला झेपतं, असा ठोकताळा आहे. साठ किलोच्या माणसाला बारा. पण पंचेचाळीस किलोच्या मुलीला तो आकडा नऊ येतो, त्यामुळे समान वाटप हे न्याय्य वाटप नव्हे. सामानाचा हातातला काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. प्रत्येक सॅक त्याला लटकवून बघितली की ‘माझी हलकीच आहे’ हा वाद मिटतो. मग एकेक वस्तू उचलून, माणसाचं नाव मोठ्याने घेऊन त्याच्या हातात द्यायची आणि व्हॉट्सॲपवर ते नाव वस्तूपुढे टाकायचं.

कोणाकडे काय द्यायचं यालाही अर्थ आहे. औषधांची पेटी सगळ्यात शेवटी चालणाऱ्या अनुभवी भिडूकडे हवी; ज्याचा पाय मुरगळला तो मागेच राहतो, आणि शेवटचा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचतोच. चहाचं सामान पुढच्यांकडे द्यावं, म्हणजे मागचे येईपर्यंत आधण चढतं. लायटर दोन, वेगवेगळ्या सॅकमध्ये. तंबूचे दांडे एकाकडे आणि कापड दुसऱ्याकडे दिलं तर त्या दोघांनी जोडीने चालावं. सॅक भरताना स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू मध्यावर आणि पाठीला चिकटून, टॉर्च आणि रेनकोट अगदी वर. पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना सारख्या. एका बाजूला वजन झालं की खांदा संध्याकाळपर्यंत बोलायला लागतो.

पेटीत ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, जंतुनाशक, ताप-जुलाबाची औषधं, चिकटपट्टी. दम्याचा पंप किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ते कुठल्या कप्प्यात आहे हे आणखी दोघांना सांगून ठेवावं. साप चावला तर कापणं, चोखणं, दोरीने आवळणं यांतलं काहीही न करता माणसाला हलू न देता उतरवायचं आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ते रुग्णालय कुठलं, हे घरून निघतानाच विचारून घ्यायचं. ११२ आणि १०८ हे क्रमांक सर्वांना ठाऊक असतात, पण गडावर रेंज सगळीकडे नसते. त्यामुळे वाट, गावातला फोन नंबर आणि परतायची वेळ लिहिलेला कागद घरी ठेवावा, ‘रविवारी रात्री दहापर्यंत फोन आला नाही तर गावात फोन कर’ अशा स्पष्ट सूचनेसह. जाण्याआधी वनखात्याचे नियमही विचारावेत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या काही गडांवर रात्रीच्या मुक्कामाला परवानगी नाही, आणि पावसाळ्यात अनेक ठिकाणी जमावबंदीचे आदेश निघतात.

शौचाचा विषय बैठकीत कोणी काढत नाही, म्हणून आयोजकाने काढावा. एक छोटं खुरपं न्यायचं, पाण्यापासून साठ मीटर दूर वीतभर खड्डा करायचा आणि तो बुजवायचा. कागद आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत. त्यांच्यासाठी अपारदर्शक, बंद होणारी पिशवी प्रत्येकीकडे आधीच दिलेली असावी. मागायला लागू नये. बाकीचा कचरा खाली आणायची जबाबदारीही शिधा वाहून आणलेल्या एकाच्या नावावर टाकावी. शिधा संपल्यामुळे त्याच्या सॅकमध्ये जागा झालेलीच असते.

परतल्यावर यादी एकदा पुन्हा उघडावी. जी वस्तू कोणी वापरलीच नाही ती खोडावी. औषधं, टॉर्चचे जादा सेल आणि रेनकोट यांना मात्र हा नियम लावू नये. आणि तंबू ज्याच्या घरी गेले असतील त्याने कितीही दमला असला तरी त्याच रात्री ते गॅलरीत वाळत घालावेत; दवाने ओला झालेला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला तर काही दिवसांतच त्याला बुरशी धरते आणि तिचा वास पुढे तंबू कितीही धुतला तरी जात नाही.